सरळ खोडं बाजाराला, वाकडी बियाण्याला

आजची नोंद जरा तिखट आहे. कोणाला लागली तर लागू द्या.

तुरीची मळणी आटोपली. परवा बंडी घेऊन घरी येत होतो, तर डांबरी रस्त्याच्या कडेला चार बाया आणि दोन-तीन लेकरं सागाचं बी वेचत होती. बाजूला दोन पोती भरलेली. थांबलो. विचारलं, काय भाव जाते? म्हणे किलोवर आहे, एक माणूस गाडी घेऊन येतो, मोजतो, पैसे देतो. कोणत्या झाडाचं पाहिजे असं काही सांगतो का, विचारलं, तर हसल्या. "भाऊ, झाड कोण पाहते? खाली पडलं ते बी."

त्या बायांचं काही चुकत नाही. वजनावर पैसे मिळतात, वजन गोळा करतात. पण ते झाड पाहा. रस्त्याकडेचं, बुटकं, छत्रीसारखं पसरलेलं, छातीएवढ्या उंचीवर तीन फांद्यांत फुटलेलं. असं झाड बी भरपूर देतं, आणि खाली जागा मोकळी म्हणून वेचायलाही सोपं. जंगलात आत जो सत्तर फुटी सरळसोट साग उभा आहे त्याचं बी गवतात, पाचोळ्यात हरवतं. त्याच्या मागे कोण जाईल? मग हीच दोन पोती कुठल्या तरी रोपवाटिकेत जातात, गादीवाफ्यावर पडतात, आणि पुढच्या वर्षी मृगात त्यांचेच स्टंप होऊन तुमच्या-माझ्या धुऱ्यावर येतात. वर आपण म्हणतो, आमच्या जमिनीत साग सरळ होत नाही.

आता मला सांगा, तुमच्या आईनं, आजीनं ज्वारीचं बी कसं ठेवलं होतं? उभ्या वावरात फिरून भरलेली, टपोरी कणसं आधी खुडायची. ती वेगळी बांधायची, राख लावून गाडग्यात ठेवायची. घरात खायला नसलं तरी त्या गाडग्याला हात नाही. बाकीचं खायला आणि विकायला. चांगलं सगळं विकून खळ्यावरचा पोचट दाणा पेरायला ठेवला, असा शेतकरी कोणी पाहिला आहे का? असता तर गावानं वेड्यात काढला असता. जंगलात मात्र आपण दीडशे वर्षं नेमकं तेच करत आलो. सरळ, जाड, बिनगाठीचं ते आधी कापलं. वाकडं, पोकळ, फुटलेलं, ते ठेकेदाराला नको म्हणून राहिलं. आणि मागे राहिलं त्यानंच बी टाकलं.

हे डोक्यात पक्कं बसलं ते आपल्या इकडं नाही, हिमालयात. दोन वर्षांमागे आम्ही गावातली अकरा माणसं बद्री-केदारला गेलो होतो. गढवालमधल्या श्रीनगरच्या पुढं दरड पडली आणि गाड्या तीन तास अडकल्या. सगळीकडं चिडाचं जंगल. चीड म्हणजे तिकडचा पाइन, सुयांसारख्या पानांचा, ज्याच्यापासून लिसा म्हणजे राळ काढतात. मी उतरून झाडं पाहत बसलो. कितीतरी खोडांवरची साल पिळलेली, जणू चऱ्हाट वळून उभं केलंय. चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, सीधा वाला तो कब का कट गया, पिळाचं लाकूड कुऱ्हाडीनं फाटत नाही, फळी काढली तर वाळताना वाकते, म्हणून हे राहिलं.

मला वाटलं चहावाल्याची गोष्ट असेल. परत आल्यावर आमच्या तालुक्यात एक निवृत्त वनअधिकारी आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, गोष्ट खरी आहे आणि जुनी आहे. चॅम्पियन नावाच्या इंग्रज वन अधिकाऱ्यानं १९२० च्या दशकातच या पिळावर काम केलं होतं. पीळ हा नुसत्या वाऱ्याचा किंवा उताराचा खेळ नाही, तो बियाण्यातून पुढं जातो. घरांना, स्लीपरला सरळ धाग्याचं लाकूड लागे. सरळ झाड निवडून नेलं, पिळाचं राहिलं. चिडाचा पराग वाऱ्यावर जातो, बियांना पंख असतात, तेही वाऱ्यावर. पिळाच्या झाडांचा पराग, पिळाच्या झाडांचं बी, मग पोरंही पिळाचीच. एखादा बैल विकला तर दुसरा आणता येतो. डोंगरभर पसरलेलं बियाणंच बिघडलं तर ते दुरुस्त करायला झाडाच्या किती पिढ्या लागतील हिशोब करा. १९८१ मध्ये तिकडं हजार मीटरच्या वरची हिरव्या झाडांची व्यापारी तोड बंद झाली. चांगलं झालं. पण तोड थांबली म्हणून गेलेलं बी परत येत नाही.

पीळ चिडाचा, पण मला त्या डोंगरावर माझा धुराच दिसत होता. का, ते सांगतो.

सागाचा फुलोरा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पावसाळ्यात शेंड्यावर पांढरा तुरा येतो. शब्द लक्षात घ्या, शेंड्यावर. जो कोंब वर चालला होता त्याच्याच टोकाला फुलोरा येतो. फुलोरा आला की ती वाढ तिथं संपली. मग बाजूचे दोन कोंब वर निघतात आणि झाडाचं दुबेळकं होतं. म्हणजे झाड पहिल्यांदा किती उंचीवर फुललं, त्यावर त्याचा सरळ ओंडका किती फुटांचा, हे बरंचसं ठरतं. चौथ्या वर्षी दहा फुटांवर फुललं तर दहा फुटांचा ओंडका. पंधराव्या वर्षी चाळीस फुटांवर फुललं तर विचारूच नका. आणि लवकर फुलायचं की उशिरा, हा गुण मोठ्या प्रमाणात रक्तातला आहे. आता रस्त्याकडेचं ते बुटकं झाड आठवा. ते बुटकं आहे कारण ते लवकर फुललं. लवकर फुललं म्हणून त्याच्या फांद्या जास्त, फांद्या जास्त म्हणून बी जास्त. आपण किलोच्या भावानं नेमकं लवकर फुलणारं रक्तच वेचून गावोगाव वाटतोय. याच्यापेक्षा उलटी निवड मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही.

दुसरी गोष्ट. सागाच्या एका तुऱ्यात फुलं हजारांनी, पण एक फूल एकच दिवस टिकतं, आणि शंभरातली मोजकीच फळ धरतात. स्वतःचा पराग स्वतःला फारसा चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पाहिजे, आणि तो वाऱ्यानं नाही, माशा आणि कीटक आणतात. म्हणून एकटं पडलेलं झाड कितीही देखणं असो, त्याचं बी पोचट निघतं. देखण्या झाडाला देखणे शेजारी लागतात, आणि ते सख्खे भाऊ असून चालत नाहीत.

आता माझा धुरा. १९९६ साली मी ४०० स्टंप लावले. कुठून आणले ते सांगत नाही, त्या वेळी मीही विचारलं नव्हतं. आज त्यातली २७० झाडं उभी आहेत. मागच्या उन्हाळ्यात दोरी आणि काठी घेऊन मोजली. १६८ झाडं बारा फुटांच्या आत फुटलेली. काही तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फुलली होती, मला आठवतं, मी कौतुकानं फोटो काढला होता! २९ वर्षं सांभाळलेल्या झाडात चौकटीचं लाकूड निघत नाही, वासे निघतात.

त्याच वावराच्या खालच्या अंगाला नाला आहे. तिथं बाबांच्या वेळची, आपोआप उगवलेली पाच झाडं होती. चोवीस-पंचवीस फुटांपर्यंत फांदी नाही. २०१२ मध्ये थोरलीचं लग्न निघालं, कापसाला भाव नव्हता. परवानगी काढली, हॅमर लागला, आणि पाचातली दोन तोडली. कोणती तोडली असतील? सगळ्यात चांगली दोन. ठेकेदारानंही तीच दाखवली आणि मीही मान हलवली. म्हणजे वर जे दीडशे वर्षांचं बोललो, त्यात मीही आहे. मला बाजूला काढू नका.

पण त्या वर्षी जानेवारीत आईनं त्यातल्या एका झाडाखालचं बी पदरात वेचून आणलं होतं. काहून आणलं विचारलं तर म्हणाली, "झाड जाणार आहे, लेकरू तर राहू दे." भिजव-वाळव, भिजव-वाळव असं दहा-बारा दिवस केलं, गादीवाफ्यावर टाकलं. दुसऱ्या वर्षी मृगात ४५ रोपं त्याच धुऱ्यावर, ९६ सालच्या झाडांच्या मधल्या रिकाम्या जागेत लावली. ३८ जगली. आज बारा वर्षांची आहेत. पंधरा फुटांच्या आत फुटलेली फक्त सहा.

कृषीवाले मित्र म्हणतील, हा काही प्रयोग नाही, मधल्या जागेत सावली मिळाली म्हणून रोपं सरळ वर गेली. मान्य. दाटीत झाड उंच जातं, मोकळ्यात पसरतं, हे मलाही कळतं. पण माती तीच, पाणी तेच, आणि धुऱ्याच्या शेवटी जिथं जुनी झाडं मेलेली आहेत तिथं उघड्यावर लावलेली नऊही सरळच आहेत. तुम्ही याचा नीट प्रयोग करून दाखवा, मी वावर द्यायला तयार आहे.

आता येतो ज्याच्यावरून ही नोंद लिहायला बसलो त्यावर. मागच्या पोस्टखाली एका शिकलेल्या पोरानं लिहिलं, "काका, जंगलातला साग म्हणजे मिक्स माल. टिश्यू कल्चर लावा, सगळी झाडं एकसारखी." त्याच्याच गटात ती जाहिरात फिरते आहे, बारा वर्षांत एकरी कोटी रुपये. नव्वदच्या दशकात सागाच्या नावावर पैसे गोळा करून गेलेल्या कंपन्या ज्यांना आठवतात त्यांना या कोटीबद्दल मी वेगळं सांगत नाही.

पोरा, तुझं एक बरोबर आहे. चांगल्या झाडाचं कलम किंवा टिश्यू कल्चर हे वाईट नाही. तुझ्या एका एकरात लाव, पाणी दे, माझी ना नाही. पण ते निवडक चांगलं झाड आणलं कुठून? कुणाच्या प्रयोगशाळेत ते जन्मलं नाही. ते याच "मिक्स माला"तून निवडलं. लाख झाडांच्या गर्दीत एक असं निघालं, म्हणून त्याची नक्कल काढता आली. गर्दीच संपली तर पुढच्या वेळी निवडणार कशातून? पुढच्या वेळी तुला सरळपणा नको असेल, दुष्काळात टिकणारा साग लागेल, किंवा पानं खाणाऱ्या अळीला कमी बळी पडणारा. तो गुण आज कुठल्या तरी खडकाळ टेकडीवरच्या वेड्यावाकड्या झाडात पडून असेल, कोणाला माहीत आहे?

आणि एकसारखेपणाचं कौतुक कापूसवाल्यानं तरी करू नये. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते कोणाला सांगायची गरज नाही. सगळ्या रानात एकाच तऱ्हेचं संरक्षण, अळीनं एकदा ते फोडलं की सगळं रान उघडं. अमेरिकेत १९७० साली मक्याचं असंच झालं. बहुतेक संकरित मक्याची आईकडची बाजू एकच होती, त्याच बाजूवर पडणारा करपा आला आणि देशाचा साधारण १५ टक्के मका गेला. मका पुढच्या वर्षी बदलता आला. साग साठ वर्षांचा असतो.

भारत, म्यानमार, थायलंड, लाओस, एवढंच सागाचं मूळ घर. आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत मोठमोठ्या बागा आहेत, पण त्यांचं बी मोजक्या ठिकाणांहून गेलेलं. शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला तेव्हा सगळ्यात जास्त विविधता भारतातल्या सागात निघाली. म्हणजे जगाच्या सागाचं बियाण्याचं गाडगं आपल्या घरात आहे. केरळचा भर पावसातला साग वेगळा, आमचा कोरडवाहू मुरमावरचा वेगळा, आल्लापल्लीचा वेगळा. तिकडचं बी इकडं आणून लावलं की हिरवंगार दिसतं आणि पहिल्या कोरड्या वर्षी मान टाकतं.

२०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा साग गेला. आम्हा वैदर्भीयांना अभिमान वाटला, मलाही वाटला. मिरवणुकीचे फोटो मीही टाकले. पण त्या ओंडक्यांच्या झाडांचं बी कोणी ठेवलं का, हे त्या गर्दीत एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

उलट टोकाचेही लोक आहेत, त्यांच्याशीही भांडायचं आहे. शहरातून येतात, म्हणतात जंगलाला हातच लावू नका. कुऱ्हाड म्हटली की अंगावर येतात. दादांनो, सागाच्या रोपाला ऊन लागतं. दाटीत, सावलीत बी रुजलं तरी रोप मरतं. जिथं आधीच वाकड्या झाडांनी वरची जागा अडवली आहे तिथं हात न लावणं म्हणजे वाकड्यांनाच राखणं. विरळणी पाहिजे. फक्त ती उलट्या हातानं पाहिजे: आधी रोगट, फुटकं, वाकडं काढा, आणि चांगली आई-झाडं बी टाकून, त्यांची पोरं गुडघ्याएवढी होईपर्यंत उभी ठेवा. मग खुशाल तोडा, तीही सगळी एकदम नाही. आणि वाकडं काढताना सगळंच वाकडं काढू नका. वर म्हटलं ते टेकडीवरचं झाड आठवा.

आणखी एक. नुसता साग ठेवून भागत नाही. सत्तरच्या दशकापासून कितीतरी ठिकाणी मिश्र जंगल साफ करून रांगेत साग लावला. सागाचा फुलोरा पावसाळ्यातले दोन-तीन महिने. उरलेलं वर्ष माशांनी काय खायचं? मोहा, पळस, धावडा, करंज हे नसतील तर माशी नाही, माशी नसेल तर परक्या झाडाचा पराग नाही. हे मी माझ्या बुद्धीनं म्हणतो, कोणी खोडून दाखवलं तर ऐकीन.

बियाणं कसं वेचायचं ते अवघड नाही. वनखात्याची माणसं हे जाणतात, पुस्तकात लिहिलेलं आहे. एका झाडाचं पोतंभर नको. निदान पंचवीस-तीस झाडांचं थोडं थोडं, आणि झाडं एकमेकांपासून शंभर मीटरवर, म्हणजे सख्खी भावंडं टळतात. झाड सरळ, निरोगी, उशिरा फुटलेलं, आणि त्याच्या आजूबाजूलाही चांगलीच झाडं असलेलं. धुऱ्यावरचं एकटं झाड नको, माझ्या नाल्याकाठची तीन उरलेलीही आता खरं तर नकोतच. आणि पोत्यावर चिठ्ठी: कोणतं जंगल, कोणता महिना. एवढ्यासाठी वेचणाऱ्या बाईला किलोमागे दुप्पट भाव द्यावा लागला तर द्या. स्टंप विकत घेणाऱ्याला रोपामागे दोन-चार रुपये जास्त पडतील. तीस वर्षांच्या झाडासाठी दोन-चार रुपये! आपण खताच्या गोणीबरोबर गळ्यात मारलेल्या बाटलीला याच्यापेक्षा जास्त मोजतो.

रोपवाटिकेत गेलात की भाव विचारायच्या आधी विचारा, बी कुठलं? सांगता आलं नाही तर परत या. मी यंदा तीन ठिकाणांहून परत आलो. एका ठिकाणी पोरगा म्हणाला, "सागाचंच आहे काका, बाभळीचं नाही."

आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळालेला आहे. येत्या बैठकीत विषय घेतलाय: नाल्याच्या वरच्या अंगाच्या जंगलातली चाळीस झाडं बियाण्यासाठी निवडायची आणि वनरक्षकांना सोबत घेऊन त्यांना पिवळा पट्टा मारायचा. दोन जणांनी आधीच विरोध बोलून दाखवला आहे, पट्टा मारला की चोराला आयतं दाखवल्यासारखं होईल म्हणून. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मी म्हटलं, मग रंगाऐवजी वहीत नोंद ठेवू, कोणत्या खडकापासून किती पावलं. त्यावर भांडण अजून चालू आहे.

वेचलेलं बी फोडून बघायची सवय ठेवा. वरचा पापुद्रा चोळून काढा आणि कठीण गोळा अडकित्त्यात धरून आडवा कापा. आत चार कप्पे दिसतील. परवा त्या पोत्यातली वीस बिया मागून आणल्या आणि ओसरीवर बसून कापल्या. अकरांत काहीच नव्हतं. उरलेल्या नवांत एकेक दाणा. आईच्या गाडग्यात अजून थोडं जुनं बी पडून आहे, तेही कापून बघतो म्हटलं तर तिनं अडकित्ता हातातून काढून घेतला.